वहीच्या शेवटच्या पानावरचे बाराशे

आईबाबांनो, मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीची गणिताची वही तपासताना शेवटच्या पानावर एक बेरीज दिसली. चपाती, भात, चहा, वडापाव, प्रत्येकापुढे आकडा. तळाशी दोन रेघा मारून 1,200ची मर्यादा, आणि बाजूला बारीक अक्षरात ‘आज 340 जास्त’. मधल्या सुट्टीत ती डब्यातली भाकरी शेजारच्या मैत्रिणीला का देते, ते मला तेव्हा कळलं. विचारलं तर म्हणाली, ‘‘बाई, आईच्या मोबाईलमध्ये तेवढंच लिहिलंय.’’

आईचा हेतू वाईट नव्हता. पहाटेची कर्जत लोकल, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, मधले आठ तास खुर्ची. वजन वाढलं म्हणून तिने स्वतःसाठी कॅलरी मोजायला घेतल्या. लेकीने तोच आकडा उचलला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला 1,660 कॅलरी धरल्या आहेत आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला 2,400. लेकीची गरज आईपेक्षा मोठी आहे! या वयात उंची वाढत असते, हाडं भरत असतात, पाळी सुरू झालेली असते आणि रक्ताला लोह हवं असतं. बाराशेवर राहणारी मुलगी निम्म्या पोटी वाढते. चक्कर, चिडचिड, अभ्यासात लक्ष नसणं हे सगळं आपण ‘वयाचं’ म्हणून सोडून देतो. म्हणून कळकळीने सांगते, मुलांच्या हाती कॅलरीचा हिशेब देऊ नका.

तुमची काळजी मला कळते. काही मुलांचं वजन खरोखरच वाढतंय. आपल्या कर्जत स्टेशनात घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडतात, तेवढ्या थांब्यात वडापाव विकला जातो, आणि त्या वड्याचा आपल्याला अभिमान आहे. खालापूरकडे द्रुतगती मार्गावर फूड मॉल आहे. आईबाबा रात्री उशिरा येणार म्हणून मुलांच्या हातात पैसे असतात. वडापाव बंद करा असं मी म्हणणार नाही. शनिवारी सगळ्यांनी मिळून खा. फक्त रोज एकट्याने, भूक लागली म्हणून, तोच जेवण होऊ नये.

मोजायचंच असेल तर तेलाचा डबा मोजा. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज जवळपास 42 मिलिलिटर झालं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. त्याच पोषण संस्थेच्या 2024च्या दोन हजार कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलं आहे. डबा संपल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो आठवडाभर जास्त टिकला तर सगळ्या घराचं खाणं बदललं, आणि कुणा एकाच्या ताटाकडे बघावं लागलं नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचा आकडा शंभर ग्रॅमचा किंवा ‘एका सर्व्हिंग’चा असतो, पुडा मात्र आपण अख्खा संपवतो, तेवढं वाचताना ध्यानात ठेवा.

ताट वाढताना भात आधी थोडा वाढा. वालाची उसळ, डाळ, पालेभाजी सढळ हाताने. मुलाने परत मागितलं तर कपाळाला आठी न घालता वाढा. ‘पान टाकायचं नाही’ म्हणून पोट भरल्यावर ढकलू नका. चार माणसांत ‘जाडी’ म्हणू नका, लाडानेही नको. वजनाची शंका असेल तर डॉक्टरांकडे उंचीसह वाढीचा तक्ता काढून घ्या. मोठ्यांचे बीएमआयचे आकडे मुलांना जसेच्या तसे लागत नाहीत. पुष्कळदा मुलाचं वजन उतरवायचंच नसतं. ते आहे तिथे थांबवलं की उंची वाढून मेळ बसतो.

आणखी एक गोष्ट मनात राहते. याच तालुक्यातल्या कातकरी-ठाकूर वाड्यांवर अंगणवाडीताई पट्टीने लहान मुलांचा दंडघेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा तो साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर तीव्र कुपोषण समजतात. माझ्या वर्गात दोन्ही तऱ्हेच्या घरांची मुलं एका बाकावर बसतात. त्या मुलीची भाकरी रोज खाणारी मैत्रीण वाडीवरची होती. एकीने अन्नाला भ्यायचं आणि दुसरीने ते मुकाट्याने खायचं, हे मला बघवेना.

त्या मुलीच्या आईशी मी रविवारी बोलले. ती रडली. मग म्हणाली, ‘‘तिला आता डब्यात काय देऊ?’’ आम्ही दोघींनी बसून ठरवलं : तांदळाच्या दोन भाकऱ्या, उसळ, एक उकडलेलं अंडं, आणि मैत्रिणीसाठी वेगळी एक भाकरी. तुमच्याही मनात असं काही असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर मी वर्गातच असते. येताना मुलाच्या उंचीची नोंद आणा.