कॅथलिक ख्रिस्ती आहेत का? गलतीकरांस पत्र वाचताना

आजचा शास्त्रभाग: गलतीकरांस पत्र १:६-९ आणि ३:२६-२९



गलती पत्राचा पहिला अध्याय उघडला की युवकांच्या बायबल स्टडीत एक प्रश्न हमखास येतो. दुसरीच सुवार्ता सांगणाऱ्यांबद्दल पौल इथे फार कडक बोलतो, थेट शापाची भाषा वापरतो. मग कोणीतरी म्हणतं, "म्हणजे कॅथलिक ना?" आणि पुढची वीस मिनिटं मरिया, पोप आणि जपमाळ यातच जातात. गलती पत्र राहतं बाजूला. आज हा प्रश्न टाळायचा नाही, पण उत्तर याच पत्रातून काढायचं.

आधी पौलाचा राग कशावर आहे ते बघा. गलतियातल्या मंडळ्यांत काही शिक्षक शिरले होते. ख्रिस्तावर विश्वास ठेवलात ते चांगलंच, पण सुंता केल्याशिवाय काम पूर्ण होत नाही, असं ते विदेशी विश्वासणाऱ्यांना सांगत होते. तारण कृपेने, की कृपा अधिक आपली कामगिरी? सोळाव्या शतकात लूथरचा रोमशी झगडा मुळात याच मुद्द्यावर होता. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने, केवळ विश्वासाने मनुष्य नीतिमान ठरतो या शिकवणीचा निषेध केला. त्यामुळे आपल्या लोकांनी गलतीचा पहिला अध्याय रोमला लावला, तो उगाच नाही.

पण पत्र तिथे संपत नाही. १:२ मध्ये पौल या लोकांना मंडळ्या म्हणतो. १:११ मध्ये बंधुजन. ३:१ मध्ये त्यांची अक्कल काढतो, आणि ३:१५ मध्ये पुन्हा बंधुजन! ४:१९ मध्ये तर आईच्या मायेने मुलं म्हणतो. खोटे बंधू हा शब्दही पत्रात आहे (२:४), पण तो यरुशलेमेच्या प्रसंगात चोरून शिरलेल्या लोकांसाठी. फसलेल्या गलतीकरांसाठी तो वापरलेला नाही.

आणि मग येतं ३:२७. मंडळीत एवढा गोंधळ चालू असताना पौल त्यांना त्यांच्या बाप्तिस्म्याची आठवण करून देतो. ख्रिस्तात बाप्तिस्मा झालेल्यांनी ख्रिस्तच अंगावर घातला आहे, असा त्याचा आशय. तुमचा बाप्तिस्मा रद्द झाला, या आणि परत घ्या, असं तो कुठेही म्हणत नाही. त्यांना मागे ओढायला तो त्याच बाप्तिस्म्याचा आधार घेतो. शिकवण चुकीची असू शकते, गंभीरपणे चुकीची. पण घरातला माणूस चुकतोय म्हणणं वेगळं, आणि तो घरचाच नाही म्हणणं वेगळं.

हे सगळं मी केवळ अभ्यास म्हणून लिहीत नाहीये. आमच्या ओळखीत एक लग्न ठरलंय. मुलगा आमच्या मंडळीतला, मुलगी वसईच्या कॅथलिक घरातली. लग्नानंतर आमच्या मंडळीत यायला ती मनापासून तयार आहे. मंडळीतल्या एका वडिलांनी सुचवलं की आधी तिचा बाप्तिस्मा करून घ्यावा. तिने मला विचारलं, "दादा, मग लहानपणी झाला तो काय होता? आणि आजीला मी काय सांगू?" प्रभूची प्रार्थना तिला याच आजीने शिकवली. या प्रश्नाला "अगं, फॉर्मॅलिटी आहे" असं उत्तर देता येत नाही. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देणं म्हणजे पहिला झालाच नव्हता असं मंडळीसमोर जाहीर करणं.

नेमका हाच वाद १८४५ मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या जनरल असेंब्लीत झाला. रोमन चर्चचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. त्याला ठाम विरोध केला प्रिन्स्टनच्या चार्ल्स हॉज यांनी. हॉज म्हणजे कट्टर कॅल्विनपंथी, रोमच्या शिकवणीवर टीका करण्यात कुठेही कमी न पडणारा माणूस! त्यांचा मुद्दा सरळ होता: पाणी आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव आहे, ख्रिस्ताची आज्ञा पाळण्याचा हेतू आहे. मग तो बाप्तिस्माच. लूथरकडेच बघा ना. जन्माच्या दुसऱ्याच दिवशी, ११ नोव्हेंबर १४८३ ला, आइसलेबेनमध्ये कॅथलिक धर्मगुरूच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याने तो पुन्हा कधी घेतला नाही. उलट मन खचलं की तो त्याच बाप्तिस्म्याला घट्ट धरायचा. रोमचा बाप्तिस्मा शून्य धरला, तर धर्मसुधारणेचा पुढारीच बाप्तिस्म्याविना मेला म्हणायचं!

(कोणी म्हणेल, आमचा आक्षेप बालबाप्तिस्म्याला आहे. ठीक, तो स्वतंत्र विषय आहे. पण मग सीएनआय आणि मेथडिस्ट घरांतल्या मुलांनाही तोच नियम लावा. फक्त वसईवाल्यांना नको.)

वसईवरून आठवलं. गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन बंधू. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रूसावर मारलं, तेही ख्रिस्ताच्या नावासाठी. रोमकरांस पत्र १०:९ समोर ठेवून तो ख्रिस्ती नव्हता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नावापुरते कॅथलिक खूप असतात, बरोबर. नाताळ-ईस्टरपुरते आपले किती असतात ते मोजायला बसलो तर आपलीच पंचाईत होईल.

मतभेद मात्र खरे आहेत आणि ते मला लपवायचे नाहीत. मरियेला किंवा संतांना विनंती करणं मला १ तीमथ्य २:५ शी जुळत नाही. मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सिद्धांत १८५४ चा आणि स्वर्गारोहणाचा १९५० चा. श्रद्धेची अट म्हणून हे लादायला शास्त्रात आधार सापडत नाही, असं मला वाटतं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पाऊल मोठं होतं, पण त्यातही काही फरक शिल्लक ठेवलेले आहेत. एका प्रभूभोजनाच्या मेजावर आपण अजून बसू शकत नाही. हे दुखतं, आणि दुखायलाच हवं. परक्याशी मतभेद झाला तर एवढं दुखत नाही.

त्या मुलीविषयी माझं मत मी पाळकसाहेबांना सांगितलंय. तिला शास्त्र शिकवा, हवं तर सहा महिने शिकवा, कठीण प्रश्न विचारा, मंडळीसमोर तिला विश्वासाची कबुली देऊ द्या. बाप्तिस्मा पुन्हा नको. निर्णय अजून व्हायचा आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा.

आज रात्री गलती पत्र एका बैठकीत वाचून काढा, सहाच अध्याय आहेत. हातात पेन्सिल ठेवा आणि बंधुजन हा शब्द आला की खूण करा. उद्या ४:१-७, दत्तकपणाचा भाग.