इंजिन बंद, आवाज चालू!

चावी फिरवून गाडी बंद केली, दार लावलं आणि चार पावलं पुढे गेलो की मागून 'टिक्‌-टिक्‌' सुरू होतं. कधी पंखा घोंघावतो, कधी बॉनेटखाली गुडगुडतं. घरचे आपल्याकडे बघतात, कारण पोरगं मेकॅनिकलला आहे ना! "गॅरेजला दाखवा" एवढंच सांगायचं असेल, तर थर्मोडायनॅमिक्सचे पेपर देऊन उपयोग काय? यातले बरेचसे आवाज निरुपद्रवी असतात. पण दोन-तीन असे आहेत की ते ओळखता आले नाहीत तर हात भाजतो किंवा इंजिनच जातं.

मुळात इंजिन बंद झालं म्हणजे ते थंड झालं असं नव्हे. बहुतेक गाड्यांत वॉटर पंप इंजिनवरच चालतो. इंजिन थांबलं की कूलंटचं फिरणं थांबतं, पण तापलेलं हेड उष्णता देतच राहतं. त्यामुळे पहिली काही मिनिटं तिथल्या कूलंटचं तापमान उतरण्याऐवजी चढतं. बऱ्याच आवाजांचं मूळ इथेच आहे.

टिकटिक : हा आकुंचनाचा आवाज. साध्या पोलादाचा प्रसरणांक अंशाला सुमारे १२ × १०⁻⁶ धरा. १ मीटरचा एक्झॉस्ट पाईप ३०० अंशांनी थंड झाला, तर तो साधारण ३.६ मिलिमीटर आखडतो. क्लॅम्प आणि पत्र्याची हीट शील्ड त्याला अडवतात. ताण साठतो, मग सांधा जरासा सरकतो आणि 'टिक्‌' होतं. जसजसं थंड होतं, तसतसं दोन टिकांमधलं अंतर वाढतं. काळजीचं कारण नाही. मात्र गाडी चालू असतानाही पत्रा खडखडत असेल, तर बोल्ट तपासा.

पंख्याची घरघर : काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो. दोन-चार मिनिटांत थांबला तर ठीक. पण थंड इंजिनवरही तो फिरतच असेल, तर रिले चिकटला असेल किंवा सेन्सर बिघडला असेल. समजा पंखा १० अँपिअर घेतो आणि बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे; साडेतीन तासांत बॅटरी झोपली! आणि हो, गरम इंजिनवर पंख्याजवळ हात नको.

गुडगुड : इथे कान टवकारायचे. कूलंट कमी झालं, आत हवा शिरली किंवा झाकण दाब धरेनासं झालं, की हेडमधलं पाणी उकळायला लागतं. ०.९ बारचं झाकण नीट असेल, तर साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. आता हेच झाकण गरम असताना उघडलं तर? दाब एकदम पडतो, १०० अंशांच्या वरचं पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं आणि हात-तोंड भाजतं. म्हणून वरचा होज हातात धरवेल इतका थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. पातळी सकाळी थंड इंजिनवर बघा. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट सतत कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी दामटू नका.

फुस्स : डॅशबोर्डमागून थोडा वेळ येत असेल, तर एसीच्या दोन बाजूंचा दाब समान होतोय, चालायचंच. बॉनेटखालून वाफ आणि गोडसर वास येत असेल, तर कूलंट गळून गरम भागावर पडतंय. ब्रेक पेडलपाशी येत असेल, तर बूस्टर तपासा. इंजिन बंद केल्यावर पेडल दाबा : पहिले एक-दोन दाब हलके आणि मग जड, हे बरोबर. पहिलाच दाब दगडासारखा लागला, तर व्हॅक्यूम टिकत नाही. अशी गाडी रस्त्यावर काढू नका.

इंजिन थांबतच नाही : कार्ब्युरेटरच्या जुन्या पद्मिनी, अँबेसेडरमध्ये चावी काढल्यावरही इंजिन धडधडत राहायचं. स्पार्क नसला तरी तापलेला कार्बन पेट्रोल पेटवायचा. इंजेक्शनच्या गाड्यांत इंधनच तुटतं, म्हणून हा प्रकार जवळपास संपला. डिझेलचं मात्र वेगळं. टर्बोचं सील गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन आणखी जोरात धावू लागतं. चावीचा उपयोग नाही. मॅन्युअल गाडी असेल, तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा म्हणजे इंजिन अडतं. जमलं नाही तर लांब व्हायचं. हवेच्या तोंडावर हात कधीही ठेवायचा नाही.

निदानाची पद्धत आपल्या प्रॅक्टिकलसारखीच : आवाज कुठून, बंद केल्यावर किती वेळाने, किती वेळ? मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आज एसी लावून, उद्या न लावता. एकदा थोडं चालवून, एकदा घाट चढून. "आवाज येतो" म्हटलं की मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलतो आणि बिल आपल्या नावावर. "घाट चढून आल्यावर दोन मिनिटांनी उजवीकडून गुडगुड येते, पातळी आठवड्यात बोटभर उतरली" असं सांगितलं, तर तो थेट तिथेच हात घालतो.