जंगलात कॅमेरा लावण्याआधी

२०२४च्या नाताळात पोर्टलंडचे दोन जण सॅस्क्वॉच, म्हणजे बिगफुट, शोधायला वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंचॉट राष्ट्रीय वनात गेले आणि परतले नाहीत. घरच्यांनी कळवल्यावर साठाहून अधिक स्वयंसेवक तीन दिवस बर्फातून, पडलेल्या झाडांतून, फुगलेल्या ओढ्यांच्या कडेने त्यांना शोधत होते. सापडले ते मृतदेह. स्कमेनिया काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने हवामान आणि अपुरी तयारी पाहता ते थंडीने गेले असावेत, असं सांगितलं.

मी याच भागात राहते. कोलंबिया नदीच्या अलीकडे पोर्टलंड, पलीकडे वॉशिंग्टन राज्य; पूल ओलांडून कार्सन-विलार्डच्या दिशेला लागलं की तासा-दीड तासात आपण त्या वनात असतो. आमचा चारचौघांचा गट तिथे बरीच वर्षं ट्रेल कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक लावतो. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नव्याने नोकरीला आलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, एकदा आम्हालाही न्या ना." नेते. पण नेण्याआधी त्यांना जे सांगते, ते लिहून ठेवायला हवं असं त्या डिसेंबरनंतर फार वाटू लागलं.

आधी माझं मत सांगते, म्हणजे पुढचं कुठल्या बाजूने बोलतेय ते कळेल. असा प्राणी आहे याचा टिकणारा पुरावा आजवर कुणी दाखवलेला नाही. १९७६ साली ओरेगनमधल्या एका शोधकाने, पीटर बर्न यांनी, एफबीआयकडे केस तपासायला पाठवले. ते हरणाच्या कुळातले निघाले. २०१४ साली जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांच्या गटाने जगभरातून आलेल्या 'यती-बिगफुट' केसांपैकी तीस नमुन्यांचा डीएनए वाचला. त्यात अस्वल, गाय, घोडा, साळिंदर, माणूससुद्धा निघाला, अनोळखी वानर नाही. २०२४मधल्या एका अभ्यासात असं दिसलं, की जिथे काळी अस्वलं जास्त तिथे बिगफुट दिसल्याच्या नोंदीही जास्त. हे सगळं मला पटतं. तरीही मी शोधाला जाते, कारण या निमित्ताने माणूस रात्रभर जंगल ऐकायला शिकतो, आणि आमच्याकडच्या जंगलात खरोखरच दुर्मीळ, लाजरे, फारसे कुणी न पाहिलेले प्राणी आहेत.

मात्र शोधणाऱ्याची सगळ्यात मोठी हानी खोटी नोंद करते. बिगफुट हे नाव गाजलं ते १९५८ साली, उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकला रस्त्याच्या कामावर भलेमोठे ठसे उमटलेले दिसले तेव्हा. २००२ साली तिथले ठेकेदार रे वॉलेस वारले आणि त्यांच्या कुटुंबीयांनी लाकडात कोरलेली मोठाली पावलं बाहेर काढली. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत किती माणसांनी त्या ठशांवरून अंदाज बांधले, किती रानं पालथी घातली! बिगफुट टिपल्याचा दावा करणाऱ्या १९६७च्या पॅटर्सन-गिमलिन चित्रफितीचा वादही त्याच ब्लफ क्रीकचा.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४नंतर कुणाला सापडलंच नव्हतं. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या नामांकित इंग्रज पक्षी-संग्राहकाने मात्र १९१४ साली गुजरातेत मांडवीला ते मिळवल्याची नोंद ठेवली होती. ती खोटी होती. संग्रहालयातून चोरलेल्या जुन्या नमुन्यावर त्याने नवी चिठ्ठी लावली होती. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, मांडवी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींचीच ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी. ही गोष्ट मी प्रत्येक नवख्याला सांगते. हरवलेला जीव सापडू शकतो. पण त्यासाठी नोंद खरी लागते, आणि ती दुसऱ्याला तपासता यायला लागते.

म्हणून महागडा कॅमेरा घेण्याआधी एक वही घ्या. यंत्र कुठे लावलं, किती उंचीवर, कोणत्या दिशेला, कधी लावलं, कधी काढलं, कोण सोबत होतं, पाऊस-वारा कसा होता, हे सगळं तिथेच उभं राहून लिहा. घरी येऊन लिहू म्हटलं की आठवण आपल्याला हवं तसं सांगू लागते.

आता आवाजांचं. बिगफुटच्या नादाने आलेल्या माणसाची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची गणना ज्यांनी केली असेल त्यांना ठाऊक आहे, की उत्तररात्री साधं पान पडलं तरी अंगावर काटा येतो. इथल्या डग्लस फरच्या दाट रानात ते कितीतरी पटीने होतं. एका वसंतात आमच्या ध्वनिमुद्रकावर मध्यरात्रीनंतर असा कल्लोळ आला, की गटातल्या धीट पोरांचेही चेहरे उतरले: हुंकार, किंचाळ्या, मध्येच माकडांच्या टोळीने खिदळावं तसं काहीतरी. आवाजाचा आलेख काढून कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहिला. बार्ड घुबडांची जोडी होती. नर-मादी मिळून ओरडू लागले की ऐकणाऱ्याला ते घुबड वाटतच नाही.

तेव्हा आधी ओळखीचे आवाज पाठ करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात माजावर आलेला नर एल्क, म्हणजे इथलं मोठं हरीण, खालच्या सुरात सुरू होऊन लांबलचक शीळ घालतो. कूगर या मोठ्या रानमांजराची मादी माजावर असताना बाई किंचाळल्यासारखं ओरडते. कोल्हीण हिवाळ्यात घशातून कर्कश खरवडल्यासारखा आवाज काढते. दोन-तीन कायोटी, म्हणजे इथले छोटे लांडगे, मिळून पंधराजणांचा गोंगाट करतात. 'लाकडावर लाकूड आपटल्याचा' जो ठोका शोधकांना फार प्रिय असतो, तो मोठ्या सुतार पक्ष्याचा असू शकतो, वाऱ्याने घासणाऱ्या दोन खोडांचा असू शकतो, आणि पलीकडच्या दरीत तुमच्यासारखाच कुणी शोधक दांडक्याने झाड ठोकत असू शकतो. हे सगळं एकेक करून बाजूला काढल्यानंतर जे उरेल, त्याच्यापुढे वहीत एवढंच लिहायचं: अनोळखी. त्यापुढे नाव घालायचं नाही.

ध्वनिमुद्रक सुरू केल्याबरोबर स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ आणि ठिकाण बोला. माइकला वाऱ्यापासून वाचवणारं फरचं टोपडं घाला. मूळ फाइल दाबून लहान करू नका. आवाज 'स्वच्छ' करायचा असेल तर प्रतीवर करा. आणि कर्ण्यावरून आरोळ्या सोडून उत्तराची वाट पाहण्याचा प्रकार आम्ही मुळीच करत नाही. या रानात स्पॉटेड घुबड आधीच शेवटच्या घटका मोजतंय. बार्ड घुबडांच्या धाकाने ते बोलणंही कमी करतं. विणीच्या दिवसांत आणखी एक खोटी आरोळी त्याच्या कानावर कशाला घालायची?

लपवलेल्या यंत्रांमध्ये माणसंही सापडतात. तंबूच्या जागेपासून बऱ्यापैकी दूर लावलेल्या आमच्या एका ध्वनिमुद्रकात कुणा जोडप्याचं भांडण आलं. अगदी घरगुती, खाजगी. कळल्याबरोबर ऐकणं थांबवलं आणि तेवढा भाग पुसून टाकला. वॉशिंग्टन राज्यात खाजगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय मुद्रित करणं कायद्याने मना आहे, हे तर आहेच. पण कायदा नसता तरी ते आपलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही वाटा, तळ आणि गाड्या लावायच्या जागांपासून खूपच लांब जातो, आणि प्रत्येक यंत्रावर ते काय आहे नि कुणाचं आहे याची चिठ्ठी असते. प्राण्यांपासून लपवा, माणसांपासून नको. राष्ट्रीय उद्यानांत, म्हणजे माउंट रेनियर किंवा ऑलिंपिकमध्ये, परवानगीशिवाय असं काही सोडून यायचं नाही. राष्ट्रीय वनांत नियम ठिकाणानुसार बदलतात. रेंजर कचेरीत जाऊन विचारा, तिथली माणसं आपुलकीने सांगतात, कागदी नकाशाही तिथेच घ्या.

कॅमेऱ्याचं तंत्र थोडक्यात सांगते. ट्रेल कॅमेरा हलणारी उष्णता टिपतो, म्हणून उन्हाने तापलेलं नेच्याचं पान हललं तरी तो उघडतो आणि कार्ड पानांनी भरून जातं. तोंड उत्तरेकडे ठेवा. खिळा ठोकू नका, पट्ट्याने बांधा. थंडीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या मान टाकतात, लिथियमच्या वापरा. प्राण्यांना कॅमेरा कळत नाही ही समजूतही सोडा: कॅमेऱ्यांतून माणसाला न ऐकू येणारा आवाज आणि न दिसणारा प्रकाश बाहेर पडतो, आणि तो बऱ्याच प्राण्यांना जाणवतो, हे २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम कॅमेरा लावून झाल्यावरचं आहे, आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. आपल्यातल्या एकाने खुणा केलेली काठी घेऊन कॅमेऱ्यासमोरून ठरावीक अंतरांवर चालायचं. हे फोटो जपून ठेवायचे. पुढे कधी काही विचित्र टिपलं गेलं, तर त्याची उंची या फोटोंवरून मोजता येते. २००७ साली पेनसिल्व्हेनियात एका शिकाऱ्याच्या कॅमेऱ्यात वाकलेलं, लांब हातापायांचं काहीतरी आलं आणि देशभर चर्चा झाली. तिथल्या वन्यजीव खात्याचं म्हणणं होतं की ते खरजेने केस झडलेलं अस्वल आहे. मलाही तेच दिसतं. वाद मात्र वर्षानुवर्षं चालू राहिला. ठशांनाही हेच लागू: अस्वलाचा मागचा पाय बराचसा माणसासारखा उमटतो, चालताना तो पुढच्या पायाच्या ठशावर थोडा चढून पडला की लांबच लांब पाऊल दिसतं, आणि बर्फ वितळू लागला की ते आणखी पसरतं. एका ठशावर थांबू नका, मागे-पुढे चालत जाऊन सगळी रांग पाहा.

सफरचंदं, शेंगदाण्याचं लोणी असली 'भेट' ठेवून प्राण्याला बोलावणारे लोक आहेत. कृपा करून हे करू नका. येतं ते अस्वल. माणसाच्या वासाशी खाऊ जोडला गेला की ते तळांवर यायला लागतं, आणि मग त्याला गोळी घातली जाते. अस्वलांना खाऊ घालणं इथे बेकायदाही आहे.

आता पुन्हा थंडी. हे मी सह्याद्रीत भटकलेल्या मुलांसाठी मुद्दाम सांगते, कारण त्यांचाच आत्मविश्वास जास्त असतो. भर पावसात हरिश्चंद्रगड, राजमाची केलेला माणूस म्हणतो, भिजायचं काय घेऊन बसलात! पण तिथला पाऊस वीस अंशांच्या वरचा. इथे ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत तीन-चार अंशांचा पाऊस पडतो, आणि कोरड्या बर्फापेक्षा तो घातक असतो. सुती कपडा, जीन्स ओली झाली की अंगाची ऊब ओढून घेते. अंगाला लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे थर, वर पाणी न शिरणारं जाकीट, पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड, हे उन्हाळा सोडून प्रत्येक वेळी. सोबत्याची जीभ अडखळू लागली, तो चिडचिडा झाला, किंवा थंडी असूनही त्याची थरथर थांबली, तर शोध तिथेच संपला. कोरडं करा, गुंडाळा, शुद्धीत असून गिळता येत असेल तर गरम गोड काहीतरी द्या, मदत मागवा.

मदत मागवायला फोनवर विसंबू नका. विलार्डच्या पुढे बहुतेक ठिकाणी रेंज नाही. उपग्रहावरून संदेश धाडणारं छोटं यंत्र गटात एक तरी असायलाच हवं. कॅमेऱ्यांचे पैसे कमी करून ते घ्या. फोनमधला नकाशा जंगलातल्या रस्त्यावर बर्फ साचलाय का हे सांगत नाही. पुढे रस्ता आहे असं दाखवत राहतो आणि गाडी उतारावर रुतते. रुतली तर गाडी सोडून चालत सुटू नका. गाडी शोधणाऱ्यांना लवकर दिसते. निघण्याआधी घरी लिहून द्या: कोणत्या क्रमांकाच्या वनरस्त्याला जाणार, गाडी कुठे लावणार, किती वाजेपर्यंत न आल्यास कुणाला फोन करायचा. ती वेळ पाळा. आतल्या कॅमेऱ्याचं कार्ड राहिलं तर राहू द्या. आम्ही कितीदा तरी अर्ध्या वाटेवरून फिरलो आहोत, आणि त्या दिवसांबद्दल कुणाच्याही मनात हळहळ नाही.

शिकारीच्या हंगामात भडक नारिंगी जाकीट घाला. झाडपाल्याचे वेष अंगावर चढवून लपू नका. २०१२ साली मॉन्टॅनात अशाच वेषात, लोकांना बिगफुट दिसल्याचं वाटावं म्हणून महामार्गावर उभा राहिलेला एक माणूस गाड्यांखाली सापडून मेला.

एवढं सगळं पाळून काय मिळतं, असं मुलं विचारतात. २०२० साली माउंट रेनियरच्या उद्यानात संशोधकांनी लावलेल्या कॅमेऱ्यांत वुल्व्हरिन या लाजऱ्या शिकारी प्राण्याची मादी आणि तिची पिल्लं आली. तिथे शंभरहून अधिक वर्षांत वुल्व्हरिनची वीण झाल्याचं कुणाला माहीत नव्हतं. आमच्या वनातून सापळे लावून संपवलेला फिशर, हा मांजराहून थोडा मोठा, काळपट, झाडावर सरसर चढणारा प्राणी, २०१५पासून कॅनडातून आणून पुन्हा सोडला गेला. एका पहाटे तो आमच्या कॅमेऱ्यासमोरून गेला. आम्ही तो फोटो न कापता, न उजळता राज्याच्या वन्यजीव खात्याला पाठवला. त्यांचे उलट प्रश्न आले: जागा नेमकी कोणती, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का, आणि पडलेल्या खोडापर्यंतचं अंतर किती? तिन्ही उत्तरं वहीत होती.