बटण किती मोठे, आणि कोठे?

मोबाइलवरील एखादा अर्ज भरताना 'पुढे जा' हे बटण तुम्ही दाबले असेल. ते केवढे असावे आणि कोठे दिसावे, हे अ‍ॅप तयार करणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. पण तुमचा पडदा तर त्याने पाहिलेलाही नसतो! मग हे साधते कसे?

पडदा म्हणजे बारीक प्रकाशबिंदूंची जाळी. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनच्या पडद्यावर रुंदीत ३२० पिक्सेल होते. आजच्या पुष्कळ फोनांवर ते १०८० असतात. समजा, बटण १६० पिक्सेल रुंद ठेवले. जुन्या फोनवर ते अर्धी रुंदी व्यापील, नव्यावर मात्र सुमारे सातवा हिस्सा. पडदा काही तिप्पट रुंद झालेला नाही. पिक्सेल लहान झाले आहेत. तेव्हा पिक्सेलांत लांबी सांगणे म्हणजे पावलांनी शेत मोजणे. ज्याचे पाऊल, त्याचे माप!

म्हणून अँड्रॉइडमध्ये 'डीपी' हे एकक वापरतात. १ डीपी म्हणजे सुमारे इंचाचा १६० वा भाग. एका इंचातील पिक्सेलांच्या संख्येला घनता म्हटले, तर

पिक्सेल = डीपी × घनता ÷ १६०

बोटाने दाबायचे बटण निदान ४८ डीपी असावे, असा संकेत आहे. म्हणजे ०.३ इंच, सुमारे ७.६ मिलिमीटर. घनता ३२० असेल तर त्याला ९६ पिक्सेल लागतील, ४८० असेल तर १४४. बोटाला मिळणारी जागा तेवढीच!

आता जागेचा प्रश्न. ती नात्याने सांगतात : 'डाव्या आणि उजव्या कडेपासून १६ डीपी, मजकुराखाली ८ डीपी.' पडदा ३६० डीपी रुंद असेल तर बटण ३२८ डीपी होईल. ४११ असेल तर ३७९. फोन आडवा धरला तरी नियम तोच.

उंचीचे मात्र जपावे लागते. दृष्टी अधू झालेले आजोबा फोनवरील अक्षरे मोठी करून घेतात. चौकटीची उंची पक्की बांधलेली असेल, तर आपल्या लिपीत शिरोरेषेवरचे अनुस्वार आणि खालचे उकार आधी कापले जातात. 'बंद'चे 'बद' होते, 'चालू'चे 'चाल'. बटणच पडद्याबाहेर गेले आणि पान वर सरकत नसेल, तर अर्ज तेथेच अडतो. म्हणून चौकटीला कमीत कमी उंची द्यावी, मजकुराबरोबर ती वाढू द्यावी आणि पान सरकते ठेवावे.

करून पाहा : फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे सर्वांत मोठी करा आणि कोणत्या अ‍ॅपमध्ये काय कापले जाते, ते वहीत नोंदवा.

उदाहरण : ३८४ डीपी रुंद पडद्यावर तीन सारखी बटणे एका ओळीत बसवायची आहेत. दोन्ही कडांना १६ आणि दोन बटणांमध्ये ८ डीपी अंतर हवे. प्रत्येक बटण किती रुंद? (उत्तर : ११२ डीपी)