मातेची मिश्री आणि बालकाचे भवितव्य

सातपुड्याच्या डोंगररांगांत व पायथ्याशी पसरलेला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. सहा तालुक्यांच्या या आदिवासीबहुल जिल्ह्यात बालकाचे जन्मवजन हा आरोग्य यंत्रणेच्या चिंतेचा विषय राहिला आहे. अंगणवाडीच्या नोंदवहीतील या आकड्याचा संबंध बालकाच्या पुढील तीस-चाळीस वर्षांशी असतो. त्या आकड्यावर परिणाम करणारी, परंतु सहज नजरेआड होणारी एक बाब म्हणजे मातेचे तंबाखूसेवन.

प्रश्न कसा विचारावा?

"बिडी ओढता का?" असे गर्भवतीस विचारल्यास बहुधा "नाही" असेच उत्तर मिळते व ते खरेही असते. महाराष्ट्रातील स्त्रियांत धूम्रपानाचे प्रमाण अल्प आहे. त्यांच्या शरीरात तंबाखू जाते ती मिश्री, तपकीर किंवा चुन्यासह मळलेल्या तंबाखूच्या रूपाने. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. ती दातांना लावण्यासाठी वापरली जात असल्याने तिची गणना व्यसनात होत नाही. निकोटिन मात्र तोंडाच्या आतील त्वचेतून रक्तात उतरते. म्हणून "दात कशाने घासता?" हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

गर्भावर होणारा परिणाम

निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व वारेतून गर्भाला होणारा रक्तपुरवठा घटतो. बिडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताही कमी होते. घरातील अन्य कोणी बिडी ओढत असल्यास तोच धूर गर्भवतीच्या श्वासात जातो. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाणही अधिक आढळले. जे बालक मुळातच अडीच किलोच्या सीमारेषेवर आहे, त्याच्या दृष्टीने शंभर ग्रॅमही मोलाचे असतात.

मधुमेहाशी संबंध

गर्भाचे पोषण तोकडे पडले की शरीर मेंदूची वाढ प्रथम सांभाळते. स्नायू व स्वादुपिंड यांच्या वाट्यास कमी येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेत ती कृश होती, तरी त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून होते. अशी प्रकृती पुढे मधुमेहास अनुकूल ठरते. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या मुलांच्या पाहणीतही, गरोदरपणी धूम्रपान केलेल्या मातांच्या अपत्यांत वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत मधुमेहाचे प्रमाण अधिक दिसले.

येथे एक भेद शिक्षकांनी ध्यानी ठेवावा. लहान वयात इन्सुलिनची इंजेक्शने घ्यावी लागणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर केलेल्या आघातामुळे होतो. त्याचा दोष मातेच्या तंबाखूवर टाकता येत नाही. अशा विद्यार्थ्याच्या मातेस बोल लावणे अन्यायाचे आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

अनुसूचित क्षेत्रात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेमुळे गर्भवती अंगणवाडीत चौरस आहारासाठी एकत्र येतात. मिश्रीचा विषय आपुलकीने काढण्यास ही जागा योग्य होय. सासू व पती यांनाही या संवादात सामील करून घ्यावे, कारण मिश्रीची डबी अनेकदा सर्व घराची मिळून असते. जी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात, त्यांतील गर्भवतींशी निघण्यापूर्वीच बोलणे आवश्यक आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. त्याच्या पालनाकडे ग्रामपंचायतीने लक्ष द्यावे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे.

गरोदरपणी तंबाखू जितक्या लवकर सुटेल तितका गर्भाला लाभ अधिक. त्यासाठी औषध वा निधी यांपूर्वी गरज आहे ती वेळेवर, न रागावता विचारलेल्या एका प्रश्नाची.