घाम काय सांगतो?

मुलांनो, मैदानावर धावल्यावर तुम्हांला घाम येतो. मे महिन्यात बसल्या जागी घामाच्या धारा लागतात. परीक्षेच्या वेळी तळहात ओले होतात. अशा घामाला घाबरू नका. आपल्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. घाम वाळताना शरीरातील जादा उष्णता निघून जाते आणि शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस राहते.

पण ऊन नाही, श्रम नाहीत, तरी एखाद्याला एकाएकी दरदरून घाम फुटला तर? तेव्हा घामाबरोबर आणखी कोणती लक्षणे आहेत, ते पाहा.

थंडी वाजून ताप भरला व नंतर घाम येऊन उतरला, तर तो हिवताप असू शकतो. रक्त तपासून घ्यावे. हात थरथरतात, वजन घटते, उकाडा सोसत नाही. अशा वेळी गळ्यातील थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल. डॉक्टरांना दाखवावे.

दोन कारणे मात्र थांबू देत नाहीत.

पहिले कारण म्हणजे रक्तातील साखर उतरणे. मधुमेहाचा रोगी इन्सुलिन घेतो आणि जेवायला उशीर होतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाते. घाम येतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. रोगी शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. तो बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका. लगेच दवाखान्यात न्या. मधुमेह असलेल्यांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रोजात साखर इतकी उतरली, तर इफ्तारची वाट न पाहता रोजा सोडावा.

दुसरे कारण म्हणजे हृदयविकाराचा झटका. छातीवर दाब येतो, कळ हातात किंवा जबड्यात जाते, अंग थंड घामाने भिजते. पुष्कळ लोक “पित्त झाले असेल” म्हणून पडून राहतात आणि मोलाचा वेळ जातो. मधुमेहाच्या रोग्याला कधी छातीत दुखतही नाही. फक्त घाम येतो व दम लागतो. अशा वेळी रोग्याला चालवू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

रोग ओळखणे हे डॉक्टरांचे काम आहे. पण दादाजान किंवा अम्मी घामाने भिजलेल्या दिसल्या, तर जवळ जाऊन विचारपूस करणे आणि वेळेवर मदत बोलावणे तुम्हांलाही जमेल.

शब्दार्थ : घर्मग्रंथी – घाम तयार करणारे त्वचेतील लहान अवयव. हिवताप – मलेरिया. असंबद्ध – अर्थ न लागणारे. कळ – तीव्र वेदना.

प्रश्न :
१. साखर उतरलेल्या रोग्याला कोणती मदत कराल?
२. कोणती लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर फोन कराल?