दारफळणीचा सण आणि आपली वेदी



प्रायश्चित्तकाळ आला की आपल्या चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांगा लागतात, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती होते. प्रभू येशूने आपल्या पापांसाठी बलिदान केले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण एकाच्या बलिदानाने दुसऱ्याच्या पापाचे प्रायश्चित्त कसे होते, असे धर्मशिक्षणाच्या वर्गातील एखाद्या मुलाने विचारले तर आपण गडबडतो. बलिदान आणि प्रायश्चित्त हे शब्द आपल्याला ज्यू लोकांकडून मिळाले. म्हणून आज प्रथम त्यांच्याकडे जाऊ या.

त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मुलुंडच्या पुढचेच स्टेशन ठाणे. तेथे १८७९ साली बांधलेले ज्यू बांधवांचे सभास्थान आहे. त्याचे नाव 'शाआर हाशामाईम', म्हणजे 'स्वर्गाचे द्वार'. मस्जिद बंदर भागातील त्याहून जुने सभास्थान १७९६ साली सॅम्युएल इझिकेल ऊर्फ समाजी हसाजी दिवेकर यांनी स्थापन केले. त्याचे नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे 'दयेचे द्वार'. ही दोन्ही सभास्थाने बेने इस्राएल समाजाची. आपल्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, अशी या समाजाची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची मायबोली मराठी. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. काही हजार लोक आजही मुंबई, ठाणे व रायगड परिसरात आहेत.

त्यांच्या सणांची जुनी नावेही मराठीच. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, याला ते 'दारफळणीचा सण' म्हणत. दारे बंद करण्याचा सण. त्या दिवशी घराची दारे लावून घ्यायची, पांढरी वस्त्रे नेसायची, अन्नपाणी वर्ज्य करायचे आणि देवापुढे आपली पापे मान्य करायची. दुसरा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दान दिले जाई आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी होत.

या सणाचे मूळ लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहे. वर्षातून एकदाच प्रमुख याजक परमपवित्रस्थानात जाई. दोन बकरे आणले जात. एकाचे बलिदान होई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक सर्व लोकांची पापे कबूल करी आणि तो बकरा रानात सोडून दिला जाई. हे वाचून कोणाला वाटेल की देवाला रक्ताची तहान होती. तसे नाही. रक्त हे जीवनाचे चिन्ह होते आणि जीवन देवाचे, म्हणून ते वेदीवर त्याला परत दिले जाई. ज्या गरिबाला पक्ष्यांची जोडीही परवडत नसे, त्याने पीठ आणले तरी त्याच्या पापाची क्षमा होई (लेवीय ५:११-१३). देव वस्तूची किंमत पाहत नव्हता. तो माणसाचे परत येणे पाहत होता.

इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले. वेदी गेली, बलिदाने थांबली. मग पापक्षमेचे काय? योहानान बेन जक्काय नावाच्या ज्यू गुरूने भग्न मंदिराकडे पाहून शोक करणाऱ्या सोबत्याला धीर दिला की, दयेची कृत्ये हे तितकेच मोठे प्रायश्चित्त आपल्याजवळ उरले आहे. आधार होता होशेय संदेष्ट्याचा (होशेय ६:६). पश्चात्ताप, प्रार्थना आणि दान या वाटेने ज्यू लोक आजही योम किप्पूर पाळतात. त्यात त्यांच्या गुरूंची एक अट फार महत्त्वाची आहे. देवाविरुद्ध केलेल्या पापाचे प्रायश्चित्त त्या दिवशी होते, पण शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या पापाचे होत नाही. आधी शेजाऱ्याची समजूत काढावी लागते.

आपली श्रद्धा येथे वेगळी होते, ते लपवण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे होणारी बलिदाने ख्रिस्ताच्या एकाच बलिदानात पूर्ण झाली, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र शिकवते. तोच याजक आणि तोच बळी. मिस्सामध्ये आपण त्याला पुन्हा मारत नाही. क्रुसावरचे तेच एक अर्पण आपल्यासमोर वेदीवर उपस्थित होते. ज्यू बांधवांना हे मान्य नाही. ज्याने त्याने स्वतः देवाकडे वळावे, एकाच्या पापाचा भार दुसऱ्यावर येत नाही, हे ते यहेज्केल संदेष्ट्याच्या १८व्या अध्यायावरून सांगतात. या मतभेदामुळे आपल्या लोकांनी पूर्वी त्यांच्याविषयी कठोर बोलून पाप केले आहे. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले.

पण त्यांची ती अट आपल्यालाही सुटलेली नाही. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असे प्रभूनेच सांगितले (मत्तय ५:२३-२४). जक्कयने लुबाडलेले चौपट परत देण्याचे वचन दिले. पापनिवेदनात पापाची क्षमा होते, तरी केलेले नुकसान शक्य तितके भरून द्यावेच लागते, असे आपले कॅथॉलिक धर्मशिक्षण सांगते. ख्रिस्ताने आपला भार उचलला तो आपल्याला शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालता यावे म्हणून. ते चालणे टळावे म्हणून नव्हे.

आपल्या गावठाणांत जुनी घरे पडून इमारती उभ्या राहिल्या आणि वाटण्यांवरून भावाभावांचे बोलणे बंद झाले. दोघेही रविवारी मिस्साला येतात. एक डावीकडे बसतो, एक उजवीकडे. शांतीची खूण करताना शेजारच्या अनोळखी माणसाला हात जोडतात, पण मान त्या बाजूला वळत नाही. यात आम्हीही मागे नाही. एकदा रागाच्या भरात आम्ही एका माणसाला चारचौघांत टाकून बोललो. त्यानंतर रोज वेदीपाशी उभे राहिलो, पण त्याच्या घरी जायला आम्हाला तीन आठवडे लागले. जिना चढताना पाय जड झाले होते. त्याने आम्हाला आत बोलावून चहा दिला.

बेने इस्राएल बांधव एक दिवस दार लावून घेत आणि दुसऱ्या दिवशी उघडत. आपली कित्येक दारे वर्षानुवर्षे लावलेलीच आहेत. ईस्टर येण्यापूर्वी त्यांतले एक तरी उघडू या.

चिंतनासाठी:
१) मी ज्याच्याशी बोलत नाही, अशी व्यक्ती आपल्या धर्मग्रामात आहे का?
२) पापनिवेदन केले, पण कोणाचे पैसे, वाटा किंवा नाव परत करायचे राहिले आहे का?
३) या आठवड्यात पहिले पाऊल मी टाकीन का?